केरवाला आठवडा

फॉरेनला सेटल होणं म्हणजे काय, याची लिस्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. नवऱ्याचा जॉब, व्हिसा, फ्लॅट आणि फॅमिली ग्रुपवर बर्फातला एक फोटो. झालं सेटल! पण दोघं जातात तेव्हा आधी कोण सेटल होतं, तो की ती, हा प्रश्न त्या लिस्टमध्ये नसतोच.

आमच्या केसमध्ये उत्तर सोपं वाटत होतं. शहर श्टुटगार्ट, जर्मनी. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉशचं गाव. १९६८पासून मुंबईचं जुळं शहरसुद्धा. नवरोबा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये, हातात ब्लू कार्ड. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला इथं काम करायची पूर्ण मुभा असते. कागदावर सगळं मस्त! पण मी पडले जर्नलिस्ट, तीही गोंदिया जिल्ह्यातली. प्रश्न विचारणं आणि लोकांना बोलतं करणं, हेच माझं भांडवल. आणि इथं माझ्याकडे शब्द किती? ‘गुटन टाग’ आणि ‘डांके’. नमस्कार आणि धन्यवाद. मधलं सगळं बोलणं गायब!

पहिले काही आठवडे नुसती धावपळ. फ्लॅट मिळाला, पण त्यात किचनच नव्हतं. म्हणजे खोली होती. ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही. भिंतीतून बाहेर आलेला पाइप तेवढा होता. इथं बऱ्याच घरांत भाडेकरू किचन स्वतःचं आणतो आणि जाताना घेऊन जातो. मग ‘आनमेल्डुंग’. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा कागद जोडून. रविवारी जवळजवळ सगळी दुकानं बंद, त्यामुळे दूध-ब्रेडची आठवण शनिवारीच ठेवायची. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात.

आणि या भागाची खासियत म्हणजे ‘केअरवोखे’. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. आपली पाळी आली की दाराला पाटी लटकते. ‘केअर’ म्हणजे झाडणं, ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपल्याकडे केर काढतात, यांच्याकडे केअर! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “अवं बाई, जर्मनीत जाऊन जिना झाडून रायली काय?”

हळूहळू एक गंमत लक्षात यायला लागली. नवरोबाचं ऑफिस पूर्ण इंग्रजीत. मीटिंग इंग्रजी, जोक्स इंग्रजी, कँटीनमध्ये समोर पुण्याची दोन मुलं. म्हणजे ऑफिसबाहेरचं अख्खं शहर माझ्या वाट्याला आलं. डॉक्टरची अपॉइंटमेंट मी घ्यायची, शेजाऱ्यांकडे ठेवलेलं पार्सल मी आणायचं, घरमालकाचं पत्र मी डिक्शनरी घेऊन वाचायचं. व्हिसाच्या भाषेत मी ‘डिपेंडंट’. बेकरीत मात्र तो माझ्यामागे उभा राहून बोटानं दाखवायचा, “तो गोल ब्रेड सांग ना!”

मी जर्मनचा क्लास लावला. तिथली जर्मन पुस्तकी. खालच्या मजल्यावरच्या आजींची मात्र श्वाबिश, म्हणजे या भागातली बोली. क्लासमध्ये ‘नाही’साठी ‘निख्ट’ शिकवायचे, आजी ‘नेट’ म्हणायच्या. प्रत्येक शब्दाला ‘ले’ असं लाडाचं शेपूट. क्लासमधली इतर मंडळी वैतागायची. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शाळेच्या पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘शेती’, घरी झाडीबोलीत ‘पानी’ आणि ‘सेती’, हे तर लहानपणापासून केलेलं. त्यात आमचा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला चिकटलेला. बाजारात हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी सगळं कानावर पडतं. गोंदियाच्या माणसाला दुसऱ्याची बोली कळायला व्याकरण लागत नाही, कान पुरतो.

आणि आमच्याकडे सेटल होण्याचं एक मोठं उदाहरण आहेच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. १९७२ साली वसलेली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १९९९मध्ये झाला. तिथं गोंपा आहे, प्रार्थनेच्या पताका आहेत आणि बाजूला आपल्यासारखीच शेती. हिवाळ्यात ही मंडळी शहरांत स्वेटर विकायला बसतात. माझ्या आईशी मराठीत घासाघीस करणाऱ्या तिबेटी काकू मी पाहिल्यात. त्यांची आणि आमची बरोबरी नाही. ते देश गमावून आले, आम्ही पॅकेज बघून आलो. आमचं परतीचं तिकीट एका क्लिकवर आहे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून नक्की घेण्यासारखी. आपल्या पताकाही ठेवायच्या आणि बाजाराची भाषाही बोलायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पुण्याहून आलेली ऑफर. नवरोबाला चांगली पोस्ट मिळत होती. मला वाटलं, निर्णय अवघड आहे. त्याच्यासाठी तो झालेलाच होता. “इथं आपलं आहे कोण?” तो म्हणाला. मी मोजायला लागले. खालच्या आजी. बेकरीतली मुलगी. क्लासमधली सीरियाची मैत्रीण, जिच्याबरोबर मी दर गुरुवारी तुटक्या जर्मनमध्ये दोन-दोन तास गप्पा मारते. त्याच्याकडे मोजायला पुण्याची ती दोन मुलं. एकाच फ्लॅटमध्ये राहून आम्ही दोन वेगळ्या शहरांत राहत होतो. माझं शहर मला सोडवत नव्हतं, त्याला त्याचं शहर मिळालंच नव्हतं.

तीन रात्री वाद झाले, एकदा जेवण तसंच राहिलं. शेवटी त्यानं विचारलं, “समजा थांबलो, तर मी काय करू?” भांडणातलं हे पहिलं कामाचं वाक्य! ठरलं असं की आणखी एक वर्ष थांबायचं, पण त्यानं संध्याकाळचा जर्मन क्लास लावायचा. त्यात प्रॅक्टिकल फायदाही आहे. ब्लू कार्डवाल्याला ए-वन लेव्हलचं जर्मन येत असेल तर २७ महिन्यांनी कायमच्या राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांनीच. वर्षानंतर परत जावंसं वाटलं तर जाऊ. पण जे शहर सोडायचं, ते आधी दोघांनी बघितलेलं तरी हवं!

आता मंगळवार-गुरुवार तो दमून क्लासला जातो, आणि जिन्याची पाळीही त्याच्याकडे. परवा आजींनी त्याला जिन्यातच गाठलं. बराच वेळ बोलत होत्या. वर आला तो गोंधळलेला.

“काय म्हणाल्या?”

“नक्की नाही कळलं. बहुतेक, कोपरे राहिलेत म्हणाल्या.”

मी वाकून खाली बघितलं. कोपरे खरंच राहिले होते.