रुळावरचा पैसा

गोंदियाहून डोंगरगडच्या बाजूला निघालेली पॅसेंजर आमगाव सोडते आणि खिडकीबाहेरची धानाची बांधी हळूहळू मागे पडून डोंगर जवळ येऊ लागतात. माघी पौर्णिमेला कचारगडची जत्रा असते; अनेक राज्यांतले गोंड बांधव दरेकशाला उतरून गुहेची वाट धरतात. मीही त्याच निमित्ताने निघालो होतो. मुक्काम मात्र सालेकशाला, एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी.

रात्री जेवणे आटोपली आणि त्याच्या वडिलांनी फडक्याची एक पुरचुंडी माझ्यापुढे सोडली. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे, हे मुलाने आधीच सांगून ठेवले होते.

"गुरुजी, याचे लाख रुपये येतात म्हनते," म्हातारा हळूच म्हणाला.

'म्हणणारा' कोण, तर मोबाइलवरचा एक अनोळखी माणूस. नाण्यांचे फोटो पाहून त्याने भाव ठरवला होता; फक्त नोंदणीचे पाच हजार आधी धाडायचे होते. ते पाच हजार घरात होते, पण उन्हाळी धानाच्या रोवणीच्या मजुरीचे. सकाळी पाठवायचे ठरले होते.

मी भिंग काढले. पहिला राणीछाप तांब्याचा पैसा. राणीचे नाक हनुवटीपर्यंत ओघळलेले, नाणे लांबट आणि पानासारखे पातळ. "असा दुसरा कुठं नाही," म्हातारा म्हणाला. मला हसू आले. रेल्वेच्या गावातल्या कोणत्या पोराने रुळावर पैसा ठेवून गाडीची वाट पाहिली नाही? टांकसाळीतली चूक ठसा बसताना किंवा त्याआधी होते. नंतर जे होते ती नुसती इजा. हीच सारी पारख. ठशाला तडा गेला, तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा मात्र खोल जातो. बोटाच्या नखालाही हा फरक कळतो.

दुसरा भोकाचा पैसा. भोक ही त्याची चूक नव्हे, तो त्याचा घाटच. महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ ते १९४७ या सालांचे असे पैसे पाडले गेले. दरवर्षी पावसाळ्यात दिसणाऱ्या बेडकाइतकाच तो दुर्मिळ!

म्हाताऱ्याचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात नातवाने खेळण्यातला एक नाणेवजा तुकडा पुढे केला. "हा तर फुटका आहे," म्हातारा म्हणाला. तो १९५७ सालानंतरचा नवा पैसा होता. सिंहांची डोकी एका कडेला कापलेली, समोरच्या कडेला कोरी चंद्रकोर. मी तो उलटला. मागच्या अंगालाही नेमक्या त्याच जागी कोर कोरी होती. कानशीने घासले असते, तर दोन्ही अंगे अशी जुळली नसती, आणि कोऱ्या भागावर घासल्याच्या रेघा दिसल्या असत्या. तबकडी ठशाखाली सरकली होती. ही चूक अस्सल, टांकसाळीतली!

"मग लाख?" नातवाने विचारले.

"नाही रे बाबा. हौशी माणूस याला आनंदाने काही पैसे देईल, पण लाख नव्हेत. आणि खरा गिऱ्हाईक आधी पैसे मागत नाही, देतो." रिझर्व्ह बँकेच्या नावाने असले शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले होते, हेही मी सांगितले.

म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने पाच हजार फडताळात परत ठेवले आणि राणीचा पैसा पुरचुंडीत बांधला. "हा मीच ठेवला होता रुळावर," तो म्हणाला, "बापाचा मार खाल्ला होता."

लाखाचा नसला, तरी तो पैसा मग मला फार मोलाचा वाटला.

पहाटे कचारगडला निघालो, तेव्हा मजूर बायका रोवणीसाठी बांधीत उतरत होत्या.