एक दात

पसरणी घाटातल्या ज्या वळणावर आमची मारुती दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत निघून जायची, तिथं त्या रविवारी तिनं मान टाकली. पहिला टाकला तेव्हा कुठं हलली. मागच्या एसटीनं हॉर्न वाजवून आमची लायकी काढली. बायको म्हणाली, "कालच तर गॅरेजातून आणली ना?" कालच आणली होती. दुखणं तेच होतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच घाटात ती तापली होती. रेडिएटरचा पाइप फुटला, काटा वर चढला आणि मी, पाचगणी आता आलीच म्हणून, आणखी दोन वळणं रेटली. ती दोन वळणं महागात पडली. हेड ॲल्युमिनियमचं, फार तापलं की वाकतं. डिपस्टिक ओढून पाहिली तर ऑइलच्या जागी दुधाळ कॉफी. वाईतल्या आमच्या मिस्त्रींनी ती दोन बोटांत चोळली आणि निदान केलं, "गॅस्केट गेलं, सर. हेड उतरवायला लागंल."

आपल्याकडे दृष्ट उतरवतात, साप चावला तर विष उतरवतात, तसंच हेडही उतरवतात. तिन्हीकडे उतरवणाऱ्यावर विश्वास लागतो. मिस्त्रींवर माझा होता. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० दिल्लीत मालकाच्या हाती गेली, २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं; त्यातली बरीच वर्षं या माणसानं हीच तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची इंजिनं उघडण्यात घालवलेली. "ही गाडी मी डोळे मिटून खोलतो," असं ते म्हणत आणि मला ते ऐकायला बरं वाटे.

काम मोठं झालं. हेड लेथवर जाऊन सपाट होऊन आलं, वॉल्व्ह घासले गेले, नवं गॅस्केट बसलं. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, एकदम नाही तर टप्प्याटप्प्यानं आवळले. ते मी स्टुलावर बसून पाहिलं. शनिवारी संध्याकाळी टायमिंग बेल्ट चढवायचा राहिला होता. तेव्हा मी म्हणालो, "मिस्त्री, उद्या पाचगणीला साखरपुडा आहे. होईल ना?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, "होतंय की."

साखरपुड्यात पेढ्यांबरोबर सल्लेही वाटले गेले. एक म्हणाला, दुसऱ्या गॅरेजात दाखव. दुसरा म्हणाला, पैसे परत माग. ग्राहक संरक्षण कायद्यात याला 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. शब्द भारदस्त होता. पण माझ्याकडची पावती वहीच्या कागदावरची, आणि मला खटला नको होता, दुसरा गिअर हवा होता. दुसऱ्या गॅरेजाचं म्हणाल तर एकानं बांधलेलं दुसऱ्यानं उघडलं की पहिल्याची चूक कुठली आणि दुसऱ्याची कुठली, याचा निवाडा ब्रह्मदेवालाही जमणार नाही. ज्यानं उघडलं, त्यालाच पुन्हा उघडू द्यावं.

सोमवारी सकाळी निघालो तेव्हा मनात भाषण तयार होतं. 'एवढे पैसे मोजून' इथून सुरू होणारं. गॅरेजच्या दारात मिस्त्री हात पुसत उभे दिसले आणि भाषण घशातच राहिलं. मग जे घडलं तेवढंच सांगितलं. थंड असताना दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो. उभी असली की थरथरते. सपाटीला चालते, चढाला ओढत नाही. काटा जागेवर आहे, पाणी कमी होत नाही.

शेवटच्या वाक्यावर त्यांचे खांदे जरा सैल झाले. म्हणजे हेडचं काम शाबूत होतं. हे मला नंतर कळलं. तक्रारीत चांगलं काय चाललंय तेही सांगावं लागतं. शोधणाऱ्याला तेवढीच अर्धी वाट कमी.

त्यांनी बोनेट उघडलं, कान दिला, बंद करायला सांगितलं. बेल्टवरचं कव्हर काढलं. खालच्या पुलीवर पाना लावून इंजिन हातानं फिरवत खुणेवर आणलं. खालची खूण जुळली. वरची कॅमची खूण मात्र किंचित बाजूला, दारामागून डोकावणाऱ्या पोरासारखी.

"एक दात," ते म्हणाले.

खाली क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा वर कॅम एक घेतो, आणि त्या हिशोबानं वॉल्व्ह उघडतात, मिटतात. पट्टा एक दात चुकला की इंजिनाचा प्रत्येक श्वास अवेळी. काही इंजिनांत अशी चूक वाढली तर पिस्टन वॉल्व्हवर आदळून सगळंच संपतं. आमचं फक्त दमत होतं. म्हणून पट्टा चढवला की हातानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं असतं. दोन मिनिटांचं काम.

"चुकलंच, सर. दोन फेरे बघायचे असत्यात. न्हाई बघितले."

एवढंच बोलले. लाइट गेली होती, पोरगं नवीन आहे, यातलं काही नाही. आणि जे खरोखर म्हणता आलं असतं, की तुमची घाई होती, तेही नाही. त्या न बोललेल्या वाक्यानं मी खाली पाहायला लागलो. घड्याळाकडे त्यांना मीच बघायला लावलं होतं. त्याआधी घाटातली ती दोन वळणंही माझीच.

पट्टा सैल केला, एक दात सरकवला, पुन्हा ताणला. मग त्यांनी पोराला हाक मारली आणि पाना त्याच्या हातात दिला. "फिरव. मोठ्यानं मोज."

पोरानं जोर लावला. "एक."

मिस्त्री मध्येच माझ्याकडे वळले. "घाई न्हाई ना, सर?"

"नाही," मी म्हणालो, आणि स्टूल ओढून बसलो.

"दोन."

तिघंही वाकून बघायला लागलो.