युरियाची आणखी एक गोण

सुरगाणा,
श्रावण वद्य पंचमी

चि. सोमनाथ यास,


भात हवा तसा हिरवा दिसत नाही, म्हणून तू सातपूरहून आईला आणखी एक गोण युरिया टाकायला सांगितलंस म्हणे. मी तिला थांबवलंय. रागावण्याआधी एवढं वाच.

काल तुमच्या खाचरात उतरलो. दोनदा युरिया मिळालेला बांधाकडचा पट्टा काळपट हिरवा, लुसलुशीत. आणि अळी नेमकी तिथेच. पानाच्या कडा धाग्याने शिवून केलेली सुरळी उलगडली, तर आत हिरवं सगळं खरवडून पांढरे पट्टे उरलेले. शेजारच्या फिकट भातात अशी सुरळी शोधावी लागते. या अळीच्या पतंगाची मादी अंडी घालायला गडद, रसरशीत पान निवडते. नत्र जास्त झालं की पानात अळीचं खाणं वाढतं, पान मऊ राहतं आणि किडीला नकोशी द्रव्यं कमी पडतात. आपणच पंगत मांडायची आणि जेवणाऱ्यांना शिव्या द्यायच्या! गोण स्वस्त आहे, हाच घोळ आहे.

पीक तसं मुकाट खाऊ देत नाही. 1972 साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन यांनी दाखवलं, की बटाटा-टोमॅटोचं एक पान भुंगेऱ्याने कुरतडलं तरी धडधाकट पानांतही प्रथिनं पचू न देणारं द्रव्य साठतं. भातही जखम झाली की असे उपाय करतो. अळीची वाढ रेंगाळते, तेवढ्यात तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या तिला गाठतात. लगेच औषध मारलंस तर आधी त्याच मरतील.

पुढच्या वर्षी डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीने भात लावू. राब आपण भाजतोच. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राखही घालायची. तिच्यातलं सिलिका पानात बसलं की अळीचे जबडे झिजतात. युरिया-डीएपीची गोळी आवणीच्याच दिवशी, चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. आपल्या पावसात फेकलेला युरिया बराचसा वाया जातो, तो तरी वाचेल.

सध्या खाचरात पाणी आहे तोवर भातावरून दोर ओढायचा. अळ्या पाण्यात पडतात. रविवारी ये, दोराचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.

तुझा,
मामा