मंगळवार-गुरुवार कॉलेज

शिकागोजवळच्या आमच्या ऑफिसात एक पोरगा आहे, तो मंगळवारी आणि गुरुवारी येत नाही. त्या दोन दिवशी तो कम्युनिटी कॉलेजात असतो. फी कंपनी भरते, आणि त्या दिवसांचाही पगार मिळतो. मी इथे आलो एमएस करायला, घर तारण ठेवून काढलेल्या कर्जावर. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं, "म्हणजे नक्की कोण कुणाला पैसे देतं?"

कम्युनिटी कॉलेज म्हणजे जवळच्या लोकांसाठीचं, दोन वर्षांचं, परवडणारं सरकारी कॉलेज. कटऑफची मारामारी नाही. आमच्या भागात झुरिक या विमा कंपनीने २०१६ मध्ये हार्पर कॉलेजसोबत हे सुरू केलं. तीन दिवस काम, दोन दिवस वर्ग, दोन वर्षांनी असोसिएट डिग्री. अप्रेंटिस म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लेथ मशीन यायचं. इथे तो क्लेम्सच्या फायली बघतो किंवा कोड लिहितो.

पण मला पगारापेक्षा कागदावरची जागा जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १९३७च्या कायद्याखालची नोंदणीकृत अप्रेंटिसशिप ही पहिल्या दिवसापासून नोकरी असते. कौशल्य वाढेल तसा पगार वाढवावा लागतो. कामाच्या जोडीला वर्षाला किमान १४४ तास वर्ग असावेत, अशी शिफारस आहे. आपला १९६१चा कायदा सरळ म्हणतो, अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे.

या एका ओळीचं वजन मला मामेभावामुळे कळतं. आयटीआय फिटर, चाकणला अप्रेंटिस. शेजारच्या पर्मनंट माणसाएवढंच काम, हातात स्टायपेंड. मुदत संपली की सर्टिफिकेट आणि "कळवू". मामी म्हणते, सोड ते, डिग्री कर. मामा म्हणतो, आणि घरात येणारे पैसे? दोघांचंही खरं आहे.

कमवा आणि शिका हे आपल्याला अमेरिकेने शिकवायला नको. भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात त्याच तत्त्वावर कॉलेज काढलं. पण तिथे मुलगा श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा. काम वेगळं, विषय वेगळा. आमच्या पोराने ऑफिसात केलेलं काम कॉलेजात क्रेडिट म्हणून धरलं जातं. यूजीसीने २०२० मध्ये अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदव्यांसाठी सूचना काढल्या खऱ्या, पण त्या आधी पदवीला प्रवेश घेतलेल्यांसाठी. आयटीआयमधून थेट शॉपफ्लोअरवर गेलेल्याने वर्षभर जे हाताने शिकलं, ते कोण मोजणार?

परवा मामेभावाचा फोन होता. "दादा, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. रविवारी क्लास आहेत." त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ती बदलून मिळेल का, हे त्याने सुपरवायझरला विचारलंय. तो अजून "बघू" म्हणतोय.