नको तेवढं स्वच्छ

ओट्यावरून बोट फिरवलं तर बोटाला काही लागता कामा नये, ही आमच्या घरातली माझी अट. नवरा तिला आजार म्हणतो. मी त्यावर भांडत असे. आता भांडत नाही, कारण या आजाराने माझ्या हातून मासे मेले आहेत.

मासा होता पी पफर. वाटाण्याएवढा म्हणून विकतात. पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, बहुतेक अडीचवरच थांबतात. हिरवट-पिवळ्या अंगावर काळे डाग, खवले नाहीत, आणि डोळे सरड्यासारखे, एक इकडे तर दुसरा तिकडे फिरणारे. दुकानात तो काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला. ओळख पटल्यासारखा. "ताई, एवढासा जीव, बाऊलमध्येपण राहतो," दुकानदार म्हणाला. मला तेच ऐकायचं होतं. दहा लिटरचा टँक, पांढरीशुभ्र खडी, प्लास्टिकचं एक झाड, छोटा स्पंज फिल्टर आणि पाच मासे अशी सगळी खरेदी एका दुपारीच उरकली. रात्री जेवायच्या आत मासे पाण्यात होते.

सासूबाई मालवणच्या. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो, हो तर केंड! जाळी फाडता मेलो." समुद्रातला केंड सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांची जाळी कुरतडून टाकतो, तो याचाच भाऊबंद. पुढचे चार दात जोडून चोच झालेली असते दोघांनाही. केंड जन्मभर माहीत असलेली बाई घरात असून मी तिला काहीच विचारलं नाही. तिचा समुद्रातला आणि माझा हौसेचा, दोघांचा काय संबंध, असं वाटलं.

पाणी मात्र मी रोज निरखत होते. जरा गढूळ दिसलं की अर्धं उपसून नवं. फिल्टरचा स्पंज तपकिरी झाला की नळाखाली धरून, पिळून पिळून, मूळच्या निळ्या रंगावर आणायचा. काच पुसायची, खडी धुवायची, झाड घासायचं. एवढं करूनही मासे तळाशी बसायचे, पोटं काळवंडायची. पहिला गेला तेव्हा मी ठरवलं की आपली सफाई कमी पडते आहे. मग सगळा टँक रिकामा करून धुतला.

झालं होतं ते असं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया सुटतो आणि तो कल्ले जाळतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू असतात. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंजवर, खडीवर, काचेवर थर धरून राहतात. नव्या टँकमध्ये हे थर जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मासे त्यानंतर आणायचे असतात. मी मासे पहिल्या दिवशी आणले होते, आणि जिवाणू जमू लागले की त्यांना नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुऊन काढत होते. ज्याला मी मळ म्हणत होते तोच त्या टँकचा संडास-मोरी सांभाळत होता. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका दाबायचा, आणि ताज्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकायचे, एवढं साधं. हे कळल्यावरही तपकिरी स्पंज तसाच परत ठेवताना माझ्या अंगावर काटा यायचा. अजून येतो.

खाण्याची कथा वेगळी नाही. डब्यातले दाणे त्यांनी एकदाही तोंडात धरले नाहीत. हा शिकारी मासा आहे, हलतं ते खातो. दाणे तळाशी कुजायचे, मी ते ड्रॉपरने उचलायचे आणि माशांना नखरेल म्हणायचे. पोटं आत गेली तेव्हा गोठवलेल्या लाल अळ्या आणल्या आणि अख्खी वडी टाकली. पाच इवल्या माशांना ती अर्धा आठवडा पुरली असती. पाणी पुन्हा बिघडलं.

याच सुमारास प्लास्टिकच्या झाडाच्या जागी खरी पाणवनस्पती आणली आणि तिच्याबरोबर पारदर्शक अंड्यांचे लोळे आले. आठवड्याभरात काचेवर बारीक गोगलगायी. मी चिमट्याने एकेक वेचून फेकल्या. तरी वाढतच गेल्या, तेव्हा त्याच दुकानात उपाय विचारला. दुकानदाराने पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा लोच मासा पुढे केला. "हा गोगलगायी साफ करतो." मी तो पिशवीत बांधूनही घेतला होता. पैसे देताना शेजारी उभा असलेला कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "काकू, पफर आहेत ना तुमच्याकडे? मग गोगलगायी कशाला मारता? तेच तर त्यांचं जेवण."

लोच परत दिला. घरी येऊन उरलेल्यांतली एक गोगलगाय पफरसमोर सोडली. मासा जागेवर थबकला. कल्ल्याजवळचे पर सोडून बाकी काही हलेना. एक डोळा गोगलगायीवर, दुसरा माझ्यावर. ती शिंगं बाहेर काढेपर्यंत थांबला, मग खटकन मान घालून मऊ भाग ओढून काढला. महिनोन्‌महिने मी ज्याला आजारी, सुस्त समजत होते तो मासा हा. त्या संध्याकाळी स्वयंपाक उशिरा झाला.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. बरणीत गोगलगायी वाढवल्या. पालकाचं पान, काकडीची चकती टाकली की त्या वाढतात, त्यात डोकं लागत नाही. पण कुठेतरी वाचलं की डासांच्या अळ्याही पफर आवडीने खातात, आणि त्या तर फुकट. पावसाळा होता. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे बादली ठेवली. दोन-तीन दिवसांत अळ्या वळवळू लागल्या. उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, हा हिशेब मी केला नव्हता. आणि आमच्याच विंगमध्ये डेंग्यूचे रुग्ण होते. पालिकेची माणसं घरोघरी कुंड्या तपासत आली, तेव्हा सेक्रेटरी त्यांना मोठ्या विश्वासाने म्हणाले, "यांच्याकडे बघायची गरज नाही, फार स्वच्छ असतं." मी मान डोलावली. ती माणसं वर गेली आणि मी बादली संडासात ओतली. दंड चुकला याचं समाधान तेव्हा वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

जागेतही मी चुकले होते. एका पफरला साधारण वीस लिटर पाणी हवं, आणि टोळी ठेवायची तर त्याच हिशेबाने मोठा टँक. मधे दाट झाडी हवी, म्हणजे एकाला दुसरा सतत दिसत नाही. माझ्या उघड्या दहा लिटरमध्ये नर एकमेकांचे पर कुरतडत होते. नर कसा ओळखायचा तेही नंतर शिकले: मोठ्या नराच्या पोटाखाली गडद रेघ येते, डोळ्यांमागे सुरकुत्या येतात. रंग हवा म्हणून मधे दोन गप्पी सोडले होते. त्यांच्या शेपट्यांचं काय झालं ते सांगत बसत नाही.

एक गोष्ट सांगायला सगळ्यांत जड जाते. लेकीच्या मैत्रिणी आल्या होत्या. फुगणारा मासा म्हटल्यावर त्यांना तो फुगलेला बघायचा होता. आधी काचेवर टकटक झाली. काही झालं नाही. मग मीच, हो मीच, जाळीने एकाला वर उचललं आणि लेकीला म्हटलं, "काढ व्हिडिओ." तो फुगला. मुली ओरडल्या. हा मासा घाबरला की पाणी पिऊन फुगतो. पाण्याबाहेर असला की हवा गिळतो, आणि ती हवा कधीकधी बाहेर पडत नाही. त्याला परत सोडलं तर तो पोट वर करून पृष्ठभागावर तरंगू लागला, शेपूट मारत, खाली जाता येईना. फोनवर शोधत शोधत, तोंड वर आणि शेपूट खाली असा त्याला पाण्याखाली धरून ठेवला, तेव्हा बुडबुडे निघाले. जगला. पण त्यानंतर बरेच दिवस मी समोर आले की तो झाडामागे जायचा. इतर येत होते, तो नाही. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला होता आणि त्याला भरपूर हसरे चेहरे मिळाले होते. पफर हलवायचा तर पाण्यासकट, वाटीत घेऊन, हे त्या ग्रुपवर मी आजवर लिहिलेलं नाही.

टँक मोठा केला, झाडी वाढली, पाणी ठीक झालं, तरी एक मासा खात असूनही वाळत गेला. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा. पोटात जंत. बाजारातले बहुतेक पी पफर कुठे पैदास केलेले नसतात, केरळ-कर्नाटकातल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात, आणि जंत बरोबर घेऊन येतात. नवा मासा आणला की आधी वेगळा ठेवून जंताचं औषध द्यायचं, ही पद्धत मला तो गेल्यावर कळली.

नद्यांतून पकडून, हे शब्द मात्र मी बराच काळ नुसतेच वाचले होते. या माशाची १९४१ मध्ये होरा आणि नायर यांनी पंपा नदीतल्या नमुन्यांवरून शास्त्राला ओळख करून दिली. सह्याद्रीच्या केरळ-कर्नाटकातल्या पट्ट्याबाहेर तो कुठेच नाही, आणि आज आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित ठरलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००५ ते २०१२ या काळात भारतातून संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाल्याचं दिसलं. त्यांत पी पफर ठळक होता. आणि तो पट्ट्यांचा लोचही. तो कृष्णेच्या खोऱ्यातला, आपल्याच घाटातल्या नद्यांचा मासा. मी तो गोगलगायी मारायला घेऊन निघाले होते.

आता साठ लिटरच्या टँकमध्ये दोन माद्या आहेत. काचेची मागची बाजू मी पुसत नाही, तिथे हिरवं शेवाळ आहे, तळाशी कुजकी पानं आहेत आणि जावा मॉसमध्ये काय काय फिरतं ते मोजलेलं नाही. नवे मासे घ्यायचे नाहीत, घरात पैदास केलेले कुणी दिले तरच. नवऱ्याने मध्यंतरी सुचवलं होतं, "कंटाळलीस तर नदीत सोडू." आपल्या नदीत तो मासाच नाही, आणि माझ्या टँकमधले जंत नदीला कशाला, यावर आमचं नीट भांडण झालं.

दुकानात मात्र जाते. गोगलगायी मागते. इतर गिऱ्हाइकांना त्या नकोशा असतात, त्यामुळे दुकानदार पिशवीभर फुकट देतो आणि दर वेळी विचारतो, "ताई, अजून साफ झाल्या नाहीत का?"