कामाची वही

म्हसवडच्या पोराला पुढं शिकायचं म्हटलं की घरात पहिलं बोलणं निघायचं ते जेवणाचं. राहायला कुणाची तरी ओसरी मिळे, पुस्तकं मागून आणता येत. दोन वेळच्या भाकरीचं काय, यावर मात्र गाडी अडायची. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांची परंपरा पुण्या-साताऱ्यात जुनी; पण ती दारं ठरावीक जातींच्या मुलांसाठीच उघडत. धनगराच्या, महाराच्या, रामोशाच्या, कोरडवाहू कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? त्यात माण तालुका. पाऊस बेताचा, बाजरी, हुलगा, मटकी आली तर आली. नाही आली तर कुणी मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात, कुणी ऊसतोडीला, तर कुणी खानापूर-आटपाडीकडच्या माणसांच्या ओळखीनं गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी गाळायला, पार केरळ-तामिळनाडूपर्यंत.

तो मुलगा गलाईला जायचा होता. मामानं तसा निरोपही धाडला होता. पण १९७२ च्या उन्हाळ्यात तो एसएससी चांगल्या मार्कांनी पास झाला आणि शाळेतल्या सरांनी घरी येऊन वडलांना सांगितलं, “आबा, पोराला साताऱ्याला पाठवा. तिथं काम करून शिकता येतं. तुमच्याकडून पैसा लागायचा नाही.” आबांनी एकच विचारलं, “आन् खायाला?” सर म्हणाले, “ते पण त्यातच.”

जूनमध्ये वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि आईनं बांधून दिलेलं हुलग्याचं पीठ घेऊन तो एसटीत बसला. गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव करत गाडी साताऱ्यात पोचली. छत्रपती शिवाजी कॉलेजात पी.डी. म्हणजे प्री-डिग्री आर्ट्सला त्याचं नाव लागलं आणि त्याच दिवशी आणखी एका वहीत लागलं. ती कामाची वही.

दिवस पहाटे घंटेनं सुरू व्हायचा. गार पाण्यानं अंघोळ, प्रार्थना आणि मग ज्याची जिथं नेमणूक तिथं. कुणी बागेत, कुणी ग्रंथालयात, कुणी इमारतीच्या डागडुजीवर. त्याला पहिल्यांदा मिळालं शेत. शेतकामाचं त्याला नवल नव्हतं, नवल होतं पाण्याचं. घरी मोटेचं पाणी. बैल थकले की पाणीही थकायचं आणि फेब्रुवारीनंतर विहिरीत नुसता खडक दिसायचा. इथं दारं धरायला उभं राहिलं की पाटानं पाणी येतच राही. एक सरी भरली की खोऱ्यानं तिचं दार मातीनं बांधायचं, पुढच्या सरीचं मोडायचं. पहिले काही दिवस तो दार वेळेआधीच बांधून टाकायचा. सरीच्या टोकाला पाणी पोचायचंच नाही. शेतावरचे मामा त्याला हाक मारून म्हणाले, “आरं, पाण्याला येवडा भिऊ नगंस. भरू दे तिला.” माणदेशातल्या पोराचा हात पाणी सोडायला कचरतो, हे मामांनी बरोबर ओळखलं होतं.

कामाचे तास वहीत मांडले जात, शेजारी सही होई आणि त्यातून जेवणाचा-राहण्याचा खर्च वळता होई. ई.बी.सी.ची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत होती, त्यामुळं फीचा घोर नव्हता. दुपारी वर्ग. संध्याकाळी पुन्हा थोडं काम, मग अभ्यास. निजायला गेल्यावर अंग आंबलेलं असायचं, तरी जागून वाचणारी पोरं होती. झोप आवरत नसेल तर उभं राहून वाचायचं, ही युक्ती तिथं सगळ्यांना ठाऊक होती.

सगळ्यांत अवघड पाळी स्वयंपाकघरातली. त्या वर्षी पाऊस गेला. गावोगाव रेशनवर मिलो आला होता, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिचं पीठ वळत नसे. परातीत मळून गोळा थापायला घेतला की कडेनं चिरायचा, उचलायला गेलं की हातात तुकडे. भाकऱ्या करणाऱ्या मावशींनी पोरांना शिकवलं, आधणाचं पाणी ओतून पीठ उकडून घ्यायचं, कोमट असतानाच तळहाताच्या गादीनं रगडायचं, मग गोळ्याला चीर पडत नाही. पाटलाच्या पोराला, न्हाव्याच्या पोराला, मांगाच्या पोराला, सगळ्यांना ते रगडावं लागलं आणि त्यांनी केलेल्या भाकऱ्या सगळ्यांनी एका पंगतीत खाल्ल्या. तेव्हाच्या माणदेशात हे गावात घडलं असतं तर चावडीवर बैठक बसली असती. इथं कुणाला वेळच नव्हता. भूक लागलेली असायची.

हे आपोआप झालेलं नव्हतं. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र स्वयंपाक करणार, एकत्र जेवणार, हा त्याचा पायाच होता. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथं आले आणि त्यांच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून ही मुलं जगवली गेली. कोठीत दाणा नव्हता तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, पोरांच्या वहिनींनी, अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. पुढं १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघालं ते ‘कमवा आणि शिका’ हेच सूत्र घेऊन. बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सांगलीकडं शांतिनिकेतनमध्येही काम करून शिकण्याची हीच वाट होती आणि अंजनीचे आर. आर. पाटील त्याच वाटेनं पुढं आले.

त्या मुलाला सुट्टी लागली की तो म्हसवडला जायचा, पण ती सुट्टी नसे. १९७३ च्या मे महिन्यात आई, आबा, थोरली बहीण तिघंही दुष्काळी कामावर होते. पाझर तलावाची माती वाहायची, खडी फोडायची, वाटपाला सुकडी. तोही हातोडी घेऊन बसला. कॉलेजातलं पोरगं खडी फोडतंय म्हणून बाया हळहळल्या, तेव्हा आई म्हणाली, “साताऱ्यात तरी काय बसून खातंय व्हय?” तिच्या आवाजात अभिमान होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याआधी या लोकांनी अख्ख्या माणदेशाचे रस्ते आणि तलाव आपल्या हातांनी उभे केले होते, हे तो पुढं शिक्षक झाल्यावर दर वर्षी वर्गात सांगायचा.

इस्रायलच्या किबुत्झबद्दल त्यानं वाचलं ते नोकरी लागल्यावर. १९१० मध्ये गॅलिलीच्या तळ्याकाठी डेगानिया ही पहिली वसाहत झाली. जमीन सामाईक, जेवणघर एक, पगार कुणालाच नाही, भांडी घासायची पाळी सगळ्यांना. १९६७ च्या युद्धानंतर युरोप-अमेरिकेतली तरुण पोरं तिथं हजारोंनी गेली. संत्री तोडली, गोठे झाडले. भाषा शिकणाऱ्यांसाठी तिथं ‘उलपान’ असे, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस हिब्रू. वाचताना त्याला साताऱ्याची वही आठवत राहिली. फरक त्यानं लगेच हेरला. ती पोरं अनुभव घ्यायला गेली होती; कंटाळली तर परतायला घर होतं. साताऱ्यातल्या पोरांना परतायचं तर खडीवरच. आणखी एक धागा त्याला फार जवळचा वाटला. नेगेव वाळवंटातल्या हात्झेरीम किबुत्झमध्ये १९६५ मध्ये ‘नेटाफिम’ सुरू झाली, ठिबक सिंचनाच्या धंद्याची सुरुवात तिथली. आज माण-आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागा ठिबकवर उभ्या आहेत.

किबुत्झचंही पुढं बदललं. १९८० च्या दशकात कर्जं डोईजड झाली, नंतर बऱ्याच वसाहतींत कामाप्रमाणं वेगवेगळे पगार आले, सामाईक जेवणघरात जेवणाचे पैसे पडू लागले. आपल्याकडची ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठांत आजही चालते. पुण्याच्या विद्यापीठात तर ती कर्मवीर भाऊराव पाटलांच्याच नावानं आहे. मुलं-मुली रोज काही तास ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात, तासावर मानधन मिळतं. माणदेशातली कितीतरी पोरं तेवढ्या आधारावर पुण्यात टिकून आहेत, त्यामुळं योजना हवीच. पण ती आता फक्त गरिबांसाठी उरली आहे आणि दुखणं नेमकं तिथं आहे. वर्गातली अर्धी मुलं गाडीवरून येणार आणि चार जण बागेत पाला गोळा करणार, म्हणजे त्या चौघांची गरिबी रोज सगळ्यांसमोर मांडली जाते. सकाळी बागेत काम करणारी मुलगी मैत्रिणी येताना दिसल्या की ओढणीनं तोंड झाकते, हे त्यानं भाचीच्या कॉलेजात स्वतः पाहिलं. त्याच्या वेळी तोंड झाकायचं कुणाला कारणच नव्हतं. बागायतदाराचा पोरगाही शेजारीच परातीत हात घालून बसलेला असे.

मुख्याध्यापक झाल्यावर त्यानं शाळेच्या वसतिगृहात पाळ्या लावल्या त्या हजेरीपटावरच्या क्रमानं, कुणाचं घर कसं हे न बघता. तालुक्यातल्या एका मोठ्या दुकानदारानं तक्रार केली, “सर, आम्ही पैसं भरतो, आमचं पोरगं ताटं का घासतंय?” त्यानं हजेरीपट समोर ठेवला आणि दुसऱ्या दिवशीचं नाव दाखवलं. ते मुख्याध्यापकाच्याच मुलाचं होतं. दुकानदारानं पोराला काढून नेलं नाही. वर्षाच्या शेवटी त्यानं वसतिगृहाला ज्वारीची दोन पोती पाठवली.