संक्षेप आणि सारांश

संक्षेप हा शब्द आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या रोजच्या परिचयाचा. उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आणि तपासीत आलो. जात्यावरच्या ओव्यांचा मजकूर संगणकावर हाताळताना ‘झेडलिब’ या लायब्ररीशी गाठ पडली, आणि संक्षेपाची एक निराळीच कल्पना समोर आली.

झाँ-लू गेयी आणि मार्क अ‍ॅडलर यांची ही लायब्ररी १९९५ सालची. पायथनमधून तिच्या हाती मजकूर द्यावा. फाइल न करता, स्मृतीतल्या स्मृतीतच ती तो दाबून परत देते. लेम्पेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडलेल्या पद्धतीप्रमाणे, येऊन गेलेली अक्षरमाला ती पुन्हा लिहीत नाही. ‘इतके मागे जा, इतके उचल’ एवढी खूण ठेवते. मग हफमनच्या १९५२ सालच्या रीतीने, वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देते. पाणिनीच्या सूत्रांतली अनुवृत्ती ज्यांनी अभ्यासली आहे, त्यांना हे अगदीच परके वाटू नये. तेथेही मागच्या सूत्रातले पद पुन्हा उच्चारायचे नसते, मनात धरायचे असते.

ओवीत बंधू, माहेर, वाट ही पुन:पुन्हा येतात. यंत्राला ती पुनरुक्ती, गाणारीला तो आधार. तरी यंत्र तिचा अव्हेर करीत नाही. उलगडल्यावर एक वेलांटीही कमी भरत नाही. सारांशात मात्र पहिला बळी पुनरुक्तीचाच. बाजारातल्या मार्गदर्शिकेत वीस ओव्यांचे ‘बंधुप्रेम’ होते, आणि त्या एका शब्दातून वीस ओव्या पुन्हा कोणीही उभ्या करू शकत नाही.

या लायब्ररीची आणखी एक सोय आम्हांला विचारात पाडून गेली. दाबण्यापूर्वी तिला अपेक्षित शब्दांचा कोश देता येतो. मग छोटा मजकूरही अधिक आवळला जातो. अट एकच: उलगडणाऱ्यापाशी तोच कोश हवा. नसेल, तर मजकूर उलगडतच नाही.

ओवी इतकी आटोपशीर आहे, कारण तिचा कोश ऐकणारीपाशी होता. आमच्या वर्गात ‘वैरण’ म्हणजे गुरांचा चारा. जात्याच्या तोंडात घालायचे मूठभर धान्य हा अर्थ क्वचितच कोणाला ठाऊक असतो. अशा वर्गाला सारांश देणे सोपे आहे, आणि वेळापत्रकही तेच सुचविते. परंतु आमच्या मते अध्यापकाचे काम कोश पुरविण्याचे आहे. खुंटा, वैरण, मूळ धाडणे हे शब्द आधी. ओवी नंतर, आणि तीही पुनरुक्तीसकट, मोठ्याने वाचलेली.